उंबरठ्यापलीकडची बिमला : ‘घरे-बाइरे’ची कादंबरी आणि चित्रपट

१

विवाहबंधनातील निष्ठेचा भंग हा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीचा एक मध्यवर्ती विषय होता. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८५६ मध्ये नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी सार्वजनिक नीतीला बाधा आणल्याच्या आरोपावरून पॅरिसच्या न्यायालयात लेखकावर खटला उभा राहिला. तो त्यातून निर्दोष सुटला. टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ १८७५ ते १८७७ या काळात लिहून प्रसिद्ध होत गेली, आणि फोंटानेची ‘एफी ब्रीस्ट’ १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आली. या तिन्ही कादंबऱ्यांतील पती परस्परांहून भिन्न आहेत. कोणी खेड्यातला सामान्य वकुबाचा वैद्य, तर कोणी सरकारी उतरंडीतला मोठा अधिकारी. तथापि एका बाबतीत त्यांच्यात साम्य आहे. पत्नीच्या मनात काय चालले आहे, याचा त्यांना वेळेवर पत्ता लागत नाही. घराचे दार पत्नी त्यांच्या नकळत उघडते आणि शेवटी त्या उघड्या दाराची किंमत तिला आपल्या प्राणाने चुकवावी लागते.

रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘घरे-बाइरे’ ही कादंबरी याच विषयाच्या परिघात येते, परंतु तिची मांडणी मुळातच निराळी आहे. येथे दार पती स्वतः उघडतो. अंतःपुराच्या चार भिंतींत मिळालेले पत्नीचे प्रेम हे निवडीवाचून मिळालेले प्रेम आहे. बाहेरचे जग पाहिल्यानंतरही ते टिकले, तरच ते खरे, अशी जमीनदार निखिलेशची धारणा आहे. म्हणून तो बिमलेला बाहेर येण्याचा आग्रह करतो, आणि ती बाहेर येते ती नेमकी त्याच्या मित्राच्या, संदीपच्या, प्रभावक्षेत्रात. निष्ठेची परीक्षा पाहणारा पती आणि त्या परीक्षेत डळमळणारी पत्नी, यांपैकी कोणाचा दोष अधिक, हा प्रश्न कादंबरीने वाचकापुढे ठेवला. सुमारे सात दशकांनंतर सत्यजित राय यांनी याच कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा त्यांना या प्रश्नाला सामोरे जावे लागले. त्यांनी दिलेले उत्तर मूळ कादंबरीच्या उत्तराहून काहीसे वेगळे आहे. हे वेगळेपण समजून घ्यायचे, तर दोन्ही कृतींचा इतिहास ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

२

‘घरे-बाइरे’ प्रथम प्रसिद्ध झाली ती ‘सबुज पत्र’ या मासिकात. प्रमथ चौधुरी यांनी १९१४ मध्ये सुरू केलेले हे मासिक बंगाली गद्याला बोलीच्या जवळ नेण्याच्या आग्रहासाठी ओळखले जाते. कादंबरी बंगाली सन १३२२ मध्ये, म्हणजे इ.स. १९१५-१६ या वर्षात, क्रमशः छापली गेली आणि १९१६ मध्ये तिचे पुस्तक झाले. रवींद्रनाथांनी ती संस्कृतप्रचुर ‘साधू’ भाषेत न लिहिता ‘चलित’ भाषेत लिहिली. या भाषानिवडीला आशयदृष्ट्या महत्त्व आहे, कारण कादंबरीला सर्वज्ञ निवेदक नाही. बिमला, निखिलेश आणि संदीप यांची आत्मकथने आलटून पालटून येतात. जो तो आपल्या वाणीत बोलतो, आपले समर्थन करतो, आणि तसे करताना नकळत आपली दुर्बल स्थाने उघडी करतो.

कथेची पार्श्वभूमी स्वदेशी चळवळीची आहे. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्या दिवशी रवींद्रनाथांनी हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना राखी बांधण्याचा कार्यक्रम पुरस्कारिला; त्या काळात त्यांनी लिहिलेली देशगीते घरोघरी गायिली गेली. चळवळीचे पडसाद महाराष्ट्रातही तीव्रतेने उमटले. त्याच ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा कणा बनली. परंतु बंगालमध्ये बहिष्काराची सक्ती जसजशी वाढत गेली, तसतसा तिचा भार गरीब मुसलमान शेतकऱ्यांवर आणि किरकोळ विक्रेत्यांवर पडू लागला. विदेशी कापड स्वस्त होते, देशी महाग. १९०७ मध्ये कुमिल्ला व जमालपूर येथे दंगे झाले. रवींद्रनाथ याच सुमारास चळवळीपासून दूर झाले. फाळणी रद्द झाल्याची घोषणा डिसेंबर १९११ मध्ये झाली, पण ‘घरे-बाइरे’ लिहिताना लेखकाच्या मनात या साऱ्या अनुभवाची जखम ताजी होती, असे दिसते.

कादंबरीतील निखिलेश आपल्या ताब्यातील बाजारात विदेशी मालाची विक्री बंद करण्यास नकार देतो. स्वदेशीवर त्याची श्रद्धा नाही असे नव्हे. चळवळीचा गाजावाजा होण्याआधीपासून तो देशी उद्योगांत पैसा घालत आला आहे. त्याचा विरोध आहे तो सक्तीला. ज्या न्यायाने तो पत्नीवर प्रेमाची सक्ती करू इच्छित नाही, त्याच न्यायाने प्रजेवर देशभक्तीची सक्ती करणे त्याला अमान्य आहे. कादंबरीचे ‘घर’ आणि ‘बाहेर’ या एका सूत्राने जोडलेले आहेत. उलट संदीपच्या दृष्टीने इच्छा करणे म्हणजेच हक्क सांगणे होय, मग ती इच्छा देशाविषयीची असो की मित्राच्या पत्नीविषयीची. तो बिमलेला मधमाश्यांच्या राणीची उपमा देतो, तिच्यात देशमातेचे रूप पाहतो. या स्तुतीत वासना कोठे संपते आणि राजकारण कोठे सुरू होते, हे त्यालाही सांगता येणार नाही.

कादंबरीवर तत्काळ टीका झाली. सीतेच्या संदर्भात संदीपच्या तोंडी आलेले उद्गार अनेकांना असह्य वाटले आणि पात्राचे मत लेखकाच्या माथी मारले गेले. कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच रवींद्रनाथांना या आक्षेपांना ‘सबुज पत्र’मधून उत्तर द्यावे लागले. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९१९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला, तेव्हा ई. एम. फॉर्स्टर यांना त्यातील प्रेमकथा उथळ वाटली. १९२२ मध्ये जॉर्ज लुकाच यांनी तर या कादंबरीत गांधींच्या चळवळीवरचा हल्ला पाहिला. कादंबरी लिहिली गेली तेव्हा गांधींच्या असहकाराचा जन्मही झालेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या वाचनातील कालविपर्यास उघड होतो. मात्र १९२१ मध्ये रवींद्रनाथ आणि गांधी यांच्यात विदेशी कापडाच्या होळीवरून जो जाहीर वाद झाला, त्याची बीजे या कादंबरीत होती, एवढे मान्य करावे लागेल.

३

सत्यजित राय यांचा या कादंबरीशी संबंध ‘पथेर पांचाली’च्याही आधीचा आहे. १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटीची स्थापना झाली, त्या सुमारास राय एका जाहिरात-संस्थेत चित्रकार म्हणून काम करीत होते. ‘घरे-बाइरे’चे दिग्दर्शन हरिसाधन दासगुप्त यांनी करावे आणि पटकथा राय यांनी लिहावी, अशी योजना ठरली. पटकथा तयार झाली. निर्मात्याने तिच्यात बदल सुचविले. राय यांनी ते नाकारले आणि योजना बारगळली. पुढे अनेक वर्षांनी ती जुनी पटकथा वाचल्यावर, चित्रपट त्या वेळी झाला नाही हेच बरे झाले, असे त्यांना वाटले. हॉलिवुडच्या वळणाचा वरवरचा प्रभाव तिच्यावर असल्याचे त्यांनी स्वतःच मान्य केले. नंतर केलेल्या चित्रपटासाठी त्यांनी ती बाजूला ठेवून नव्याने लेखन केले.

या दोन पटकथांच्या मध्ये ‘चारुलता’ (१९६४) उभा आहे. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेवरील हा चित्रपट म्हणजे याच विषयाचा पूर्वाध्याय होय. तेथेही सुसंस्कृत, उदार, परंतु आपल्या कामात गढलेला पती आहे, एकाकी बुद्धिमती पत्नी आहे आणि बाहेरून आलेला तरुण आहे. ‘चारुलता’तील अमल आणि ‘घरे-बाइरे’तील संदीप या दोन्ही भूमिका सौमित्र चटर्जी यांनी केल्या, आणि दोन्ही ठिकाणी त्यांच्यासाठी किशोरकुमार गायिले. वीस वर्षांच्या अंतराने तोच नट आणि तोच गाता आवाज योजण्यामागे रायांचा हेतू काहीही असो, प्रेक्षकाच्या मनात तुलना अपरिहार्यपणे उभी राहते. अमलचे तारुण्य निरागस आहे. आपण काय उद्ध्वस्त करीत आहोत, हे कळताच तो निघून जातो. संदीपला ते पहिल्यापासून ठाऊक आहे आणि तरीही तो थांबतो.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती असलेल्या ‘घरे-बाइरे’चे काम चालू असताना, १९८३ मध्ये, राय यांना हृदयविकाराचा झटका आला. उरलेले काम त्यांचे चिरंजीव संदीप राय यांनी पित्याच्या सूचनांनुसार पुरे केले. चित्रपट १९८४ च्या कान महोत्सवातील स्पर्धेत दाखविला गेला. निखिलेशच्या भूमिकेसाठी व्हिक्टर बॅनर्जी यांना साहाय्यक अभिनेत्याचा, तर चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बिमलेच्या भूमिकेसाठी राय यांनी ‘नांदीकार’ या नाट्यसंस्थेतील स्वातीलेखा चटर्जी यांची निवड केली. रूढ अर्थाने सुंदर नसलेली नायिका प्रेक्षकांना रुचली नाही आणि त्या निवडीवर पुष्कळ टीका झाली. वस्तुतः कादंबरीतील बिमलाही रूपवती नाही. आपण सावळ्या आहोत, या घराण्यात आलो त्या रूपामुळे नव्हे, ही जाणीव तिच्या आत्मकथनाच्या आरंभीच येते. संदीपच्या स्तुतीचा तिच्यावर एवढा परिणाम का होतो, याचे एक कारण या जाणिवेत आहे. टीकाकारांनी चित्रपटाकडून जे सौंदर्य मागितले, ते कादंबरीनेच नाकारलेले होते.

४

तीन आत्मकथनांची कादंबरी पडद्यावर आणणे ही मुख्य अडचण होती. कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. म्हटले तरी एकाच वेळी तिघांच्या तोंडून म्हणता येत नाही. राय यांनी चित्रपटाची चौकट बिमलेच्या स्मरणाची ठेवली. आरंभी अग्नीच्या ज्वाळा आणि बिमलेचा चेहरा दिसतो, आणि जे घडून गेले ते ती मागे वळून सांगते. या निर्णयाने चित्रपटाला एकसंधता मिळाली, पण संदीपचे नुकसान झाले. कादंबरीत संदीप स्वतः बोलतो, तेव्हा त्याच्या युक्तिवादाची धार वाचकालाही लागते. त्याच्या धिटाईत एक प्रकारचे सत्य आहे की काय, अशी शंका येते, आणि बिमला का भुलली हे वाचकाला आपल्याच भुलण्यावरून कळते. चित्रपटातील संदीप बाहेरून दिसतो. स्वदेशीचा उपदेश करणारा हा नेता विलायती सिगारेट सोडू शकत नाही, हे प्रेक्षकाला लवकरच दिसते आणि त्याची पारख होऊन जाते. प्रेक्षक बिमलेहून शहाणा ठरतो. ही शहाणीव तिला समजून घेण्याच्या आड येते.

याउलट, जेथे शब्द मागे पडतात तेथे चित्रपट कादंबरीच्या पुढे जातो. बिमलेच्या अंतःपुरातून बाहेर येण्याचा प्रसंग याची साक्ष देतो. रंगीत काचांच्या दाराने विभागलेला तो लांब मार्ग निखिलेश आणि बिमला सावकाश पावले टाकीत ओलांडतात. अंतर काही पावलांचे आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्यातील कोणत्याही स्त्रीने ते पार केलेले नाही. पतीच्या चेहऱ्यावरचा आनंद आणि पत्नीच्या चेहऱ्यावरचा संकोच एकाच चौकटीत दिसतो. सौमेंदू राय यांच्या छायाचित्रणाने आणि अशोक बोस यांच्या कलादिग्दर्शनाने त्या वाड्यातील आतला भाग आणि दिवाणखाना यांना दोन स्वतंत्र प्रदेशांचे रूप दिले आहे.

मात्र याच ठिकाणी एक सूक्ष्म बदलही झाला आहे. कादंबरीत बिमला संदीपला प्रथम पाहते ती चिकाच्या पडद्याआडून. त्याचे भाषण ऐकता ऐकता भान हरपून तीच तो पडदा दूर करते, आणि पुढे त्याला घरी जेवायला बोलावण्याची इच्छाही तीच व्यक्त करते. पतीने वर्षानुवर्षे केलेल्या आग्रहाने जे झाले नाही, ते तिच्या स्वतःच्या आवेगाने क्षणात होते. चित्रपटात उंबरठा ओलांडण्याचा निर्णायक क्षण पतीच्या सोबतीने येतो. त्यामुळे निखिलेशच्या प्रयोगाची बाजू ठळक झाली आणि बिमलेच्या स्वेच्छेची बाजू काहीशी झाकोळली. जिच्या स्वातंत्र्याविषयी सारा वाद आहे, तिच्याच पहिल्या स्वतंत्र कृतीचे महत्त्व येथे कमी होते.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा सर्वाधिक चर्चा झाली ती चुंबनाची. रायांच्या चित्रपटांत त्यापूर्वी असे दृश्य आलेले नव्हते आणि कादंबरीतही ते नाही. तेथे संदीप आणि बिमला यांच्यातील आकर्षण स्पर्शाच्या सीमेपर्यंत येऊन थांबते. कादंबरीतील खरा निष्ठाभंग अन्यत्र आहे. संदीपच्या कार्यासाठी बिमला पतीच्या तिजोरीतून सोन्याची नाणी चोरते. घराच्या किल्ल्या पदराला बांधणाऱ्या गृहिणीने त्याच किल्लीने घर फोडावे, हा तिच्या अधःपाताचा शेवटचा टप्पा आहे, आणि तिला जाग येते तीही चोरीनंतरच. त्यातही पैसा विधवा जावेच्या हिश्श्याचा असल्याने अपराध केवळ दांपत्यापुरता राहत नाही. एकत्र कुटुंबातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीचा विश्वासघात त्यात आहे. चित्रपटात चोरीचा प्रसंग आहे, परंतु चुंबन आल्यानंतर प्रेक्षकाच्या मनातील तराजू देहाच्या बाजूला झुकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रेक्षकाला आकर्षणाचा दृश्य पुरावा हवा असतो, असे गृहीत धरले गेले असावे. रवींद्रनाथांच्या नीतिविचारात मात्र पातिव्रत्यापेक्षा विश्वास हे अधिक व्यापक मूल्य होते.

५

सर्वांत मोठा फरक शेवटाचा आहे. कादंबरीच्या अखेरीस निखिलेश दंगलग्रस्त गावाकडे नि:शस्त्र घोडा फेकीत जातो. संदीप तोवर निघून गेलेला असतो. त्याने पेटविलेल्या आगीत उडी घेण्याची वेळ येते ती त्याला विरोध करणाऱ्यावर. रात्री पालखी परत येते. निखिलेशच्या डोक्याला गंभीर जखम झालेली आहे. बिमलेने ज्याला धाकट्या भावासारखा जीव लावला, तो अमूल्य मारला गेला आहे. निखिलेश जगेल की नाही, हे कादंबरी सांगत नाही. राय यांनी ही अनिश्चितता मिटविली. चित्रपटात निखिलेश मरण पावतो, आणि अखेरीस बिमलेची सौभाग्यवतीची मुद्रा हळूहळू विरत जाऊन तिच्या जागी पांढऱ्या वस्त्रातील विधवा उभी राहते.

हा शेवट बिमलेला दिलेली शिक्षा आहे काय? एमा आणि अ‍ॅना यांच्या परंपरेत तो बसवायचा, तर तसे म्हणण्याचा मोह होतो. उंबरठा ओलांडणाऱ्या स्त्रीला पुन्हा अंतःपुरात, तेही पूर्वीपेक्षा अंधाऱ्या कोपऱ्यात, परत पाठविले गेले, असा आक्षेप स्त्रीवादी समीक्षा घेऊ शकते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याला कादंबरीतूनच एक उत्तर मिळते. बिमलेचे पहिले आत्मकथन सुरू होते ते आईच्या भांगातील कुंकवाच्या स्मरणाने. सौभाग्यचिन्हाकडे असे दुरून पाहणारी स्त्री ते गमावून बसली असावी, असा संकेत तेथे आहे. राय यांनी तो संकेत उचलला आणि दृश्य केला. मूळ कृतीला सर्वस्वी परके असे काही त्यांनी तिच्यावर लादले नाही. शिवाय चित्रपटात मृत्यू बिमलेच्या प्रेमामुळे ओढवत नाही, तो दंगलीमुळे ओढवतो. पतिपत्नींमधील अंतर त्याआधीच मिटत आलेले आहे. बिमला चूक कबूल करून परतली आहे, निखिलेशने तिला स्वीकारले आहे. घरातले वादळ शमते आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरची आग घराचा घास घेते. खाजगी जीवनातील क्षमेला सार्वजनिक जीवनातील हिंसेपासून संरक्षण नसते, असा या शेवटाचा अर्थ लावता येतो.

तरीही काहीतरी हरवले आहे, हे मान्य करावयास हवे. निखिलेश जगला असता तर काय झाले असते, हा कादंबरीने मोकळा सोडलेला प्रश्न अवघड होता. सर्व काही जाणून घेतलेली दोन माणसे पुन्हा एकत्र राहू शकतात काय? पतीचे औदार्य पत्नीला पेलवते काय? तिला स्वातंत्र्य देणारा तो कोण, असे ती कधी विचारील काय? मृत्यू या प्रश्नांना उत्तर देत नाही, त्यांना थांबवितो. युरोपीय कादंबरीने नायिकेला मारून जो पेच सोडविला, तो राय यांच्या चित्रपटाने नायकाला मारून सोडविला, असे कोणी म्हटले, तर त्यात तथ्यांश आहे. रवींद्रनाथांनी तो सोडविलाच नाही, आणि कदाचित हेच त्यांच्या कादंबरीचे आधुनिकत्व होय.

या कथेचे आयुष्य रायांच्या चित्रपटापाशी संपले नाही. २०१९ मध्ये अपर्णा सेन यांनी ‘घरे बाइरे आज’ या चित्रपटात ती समकालीन दिल्लीत आणली. निखिलेश येथे संपादक झाला आणि स्वदेशीच्या जागी आजच्या काळातील राष्ट्रवादाचा वाद आला. प्रत्येक पिढीला हे त्रिकूट पुन्हा आपल्या घरात आणावेसे वाटते, याचे कारण त्यातील प्रेमकथेपुरते मर्यादित नाही. दुसऱ्याच्या मनावर आपला हक्क किती, हा प्रश्न पतीलाही पडतो आणि पुढाऱ्यालाही पडावयास हवा. निखिलेशला तो पडला आणि त्याची किंमत त्याने दिली. संदीपला तो कधी पडलाच नाही. या दोघांच्या मधल्या जागेत उभी असलेली बिमला कादंबरीत आपल्या शब्दांनी आणि चित्रपटात आपल्या मूक चेहऱ्याने आजही वाचक-प्रेक्षकाकडे पाहत आहे. साहित्याच्या अभ्यासकाने चित्रपट पाहून कादंबरीकडे परतावे, आणि कादंबरी वाचून पुन्हा चित्रपटाकडे जावे. मूळ कृती आणि रूपांतर यांपैकी श्रेष्ठ कोण, हा निकाल त्यानंतर तितकासा महत्त्वाचा वाटणार नाही. बिमलेविषयी घाईने निकाल देणे मात्र नक्कीच अवघड होईल.